पट्टा उतरतो, त्याबद्दल माझी बाजू

मित्रांनो, मी पट्ट्यांवर चालणारा एक लहान लोडर आहे. जुना आहे, हे वेगळं सांगायला नको. नवा असतो तर आत्मवृत्त सांगायला मला सवड मिळाली नसती. पुढे दगडमाती उचलायची बकेट, मध्ये एक माणूस कसाबसा बसेल असा पिंजरा, आणि दोन्ही बाजूंना चाकांऐवजी रबराचे दोन रुंद पट्टे, असा माझा थाट. यवतमाळ जिल्ह्यात जे पिवळं ते जेसीबी, या नियमानं लोक मला ‘छोटा जेसीबी’ म्हणतात. त्यांना दुरुस्त करायचं मी सोडून दिलं आहे.

माझी तक्रार नावाबद्दल नाही, पट्ट्याबद्दल आहे. माझा पट्टा एका दातेरी चाकावर, पुढच्या गुळगुळीत चाकावर आणि मधल्या रोलरांवर बसलेला असतो. पुढचं चाक ग्रीसच्या दाबानं पुढे सरकतं आणि पट्ट्याला ताण देतं. ताण कमी पडला की पट्टा लोंबतो. जास्त झाला की रोलर रडतात आणि रबर चिरतं. मला उचलून धरल्यावर पट्टा मध्यावर दोन बोटं लोंबला, म्हणजे माझं बरं चाललं आहे असं समजावं. माझ्याबद्दल एवढंच कोणाला तरी माहीत असावं, अशी माझी माफक अपेक्षा होती.

माझी उमेदीची वर्षं दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये गेली. कापसाच्या गंज्या ढकलायच्या, सरकी सारायची, आणि खाली आरशासारखी सिमेंटची फरशी. दगड हा पदार्थ मी पाहिलाच नव्हता. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत आणि शेटजी पाहुण्यांना सांगत, ‘‘हा आपला बिनचाऱ्याचा बैल.’’ पुढे मोठं यंत्र आलं आणि मला शेडच्या मागे उभं केलं. तिथे माझ्या पोटाखाली एक कुत्री व्याली. त्या काळात माझा एवढाच उपयोग झाला, आणि खरं सांगतो, तिच्याकडून एकही तक्रार आली नाही.

तिथून मला मारेगावच्या हबीबभाईंनी नेलं. हबीबभाईंचा जन्म जिनिंगची प्रेस दुरुस्त करण्यात गेलेला, आणि त्यातून त्यांनी एकच तत्त्व काढलेलं: जे ढिलं आहे ते आवळायचं. मला चालवायला त्यांनी आपला भाचा अफरोज दिला. अफरोज चांगला चालक आहे, पण त्याला मला जागेवर गरकन फिरवायचा नाद. एक पट्टा पुढे, दुसरा मागे, की मी भिंगरीसारखा फिरतो आणि बघणारे ‘वा’ म्हणतात. सपाट फरशीवर हे शोभतं. उतारावर, दगडधोंड्यांत, आडव्या अंगानं हे केलं की पट्ट्याच्या कडेखाली दगड शिरतो, आणि चिखलात चप्पल निसटावी तसा पट्टा निसटतो.

यंदा जून लागल्यावर आम्ही मुकुटबनजवळ विमलताईंच्या वावरात गेलो. विमलताई आपल्या सासऱ्यांना, बापूजींना, हाताशी घेऊन ती शेती ओढतात. गेल्या पावसाळ्यात नाल्यानं त्यांचा काठ खाल्ला होता. विहीर आणि नाला यांच्यामध्ये बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच जमीन उरली होती. आणखी एक पूर आला की विहीर नाल्यात, आणि विहिरीच्या भरवशावर ठिबक टाकून लावलेली कपाशी देवाच्या हवाली. विहीर खोदताना निघालेले काळे दगड आणि मुरूम वावराच्या वरच्या अंगाला पडून होते. ते खाली आणून काठाला रचायचे, एवढंच काम. मोठं यंत्र पांदणीच्या अरुंद वाटेत मावत नव्हतं. मी मावत होतो. म्हणजे विमलताईंची विहीर माझ्यावर अवलंबून होती, आणि मी ज्याच्यावर अवलंबून होतो तो अफरोज, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरून, पिंजऱ्यात बसला होता.

पहिली बकेट खाली ओतली. परत येताना, भर उतारावर, अफरोजनं मला गरकन फिरवलं. पट्टा उतरला.

‘‘आत्ता त सुरू झालं होतं, अफरोजभाऊ!’’ विमलताई म्हणाल्या.

‘‘ताई, जमीनच तशी हाय. मशीनची काही चूक नाही.’’

माझी चूक नाही असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणालं, आणि तेही स्वतःला वाचवण्यासाठी.

शेजारच्या वावरातून उकंडा आला. त्यानं मला चारी बाजूंनी पाहिलं. ‘‘नजर लागली. पिवळ्या रंगाले लवकर लागते,’’ असं म्हणून त्यानं माझ्या पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली. पट्टा चढवला. थोड्या वेळानं पुन्हा त्याच जागी, तसाच गरका, आणि पट्टा लिंबू-मिरचीसमोर उतरला.

मग हबीबभाई मोटरसायकलवर आले. ‘‘ढिला हाय, म्हनून उतरते! टाइट मार, अफरोज! अबे, अजून मार!’’ ग्रीसगननं ग्रीस भरून भरून पट्टा ढोलकीसारखा वाजायला लागला. रोलर रडले, ते कोणी ऐकलं नाही. ताणलेल्या पट्ट्याखाली दगड आला की तो गिळला जात नाही. पट्टा तो थुंकतो, आणि थुंकताना स्वतःही बाहेर येतो. तसा तो आला.

आता बापूजी उठले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, पट्ट्याला काठी मारून पाहिली आणि निदान केलं.

‘‘उन्हाळ्यात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली त आमी काय करत होतो? चाक नाल्यात भिजत ठेवत होतो. लाकूड फुगते, धाव पक्की बसते. याले भिजवा.’’

‘‘बापूजी, हे रबर हाय,’’ अफरोज म्हणाला.

‘‘रबर हाय त काय झालं? झाडाचाच चीक हाय ना तो?’’

अफरोजनं खर्रा या गालातून त्या गालात सारला. याला उत्तर माझ्याकडे होतं, पण माझ्याकडे बोलण्यासारखा एक हॉर्न आहे आणि तो कधीचाच मुका झाला आहे. पट्टा कसाबसा चढवून मला नाल्यातल्या डबक्यात नेऊन उभं केलं. सगळे घरी गेले.

मित्रांनो, बैलगाडीचं चाक पाण्यात शहाणं होत असेल, मी होत नाही. सकाळी मी बाहेर निघालो तो रेती, गाळ, गोटे आणि बेशरमच्या झुडपांच्या काड्या पोटात भरूनच. बापूजींनी पट्ट्यात अंगठा दाबला. तो आत गेला. ‘‘पाह्य, फुगला!’’ ते म्हणाले. तो गाळ होता. चढावर अर्ध्यात गेलो आणि पट्टा उतरला.

‘‘अजून कच्चा हाय,’’ बापूजी म्हणाले.

तेवढ्यात उकंडा धावत आला. ‘‘वरच्या अंगाले लई पानी पडून राह्यलं! दिवस बुडाच्या आत नाला येईन.’’

विमलताई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता एकदम उठल्या. माझ्या दोन रोलरांच्या मधून एक काळं टोक बाहेर आलं होतं.

‘‘हे काय हाय?’’

‘‘नळी हाय, ताई,’’ अफरोज म्हणाला.

‘‘ते दिसते मले. माही ठिबकची नळी याच्या पोटात काहून गेली?’’

अफरोजनं खर्रा थुंकला. ‘‘काल फिरवतानी... आली असन.’’

‘‘मले माही नळी पायजे. अख्खी. तुकडे नाई. तवरी मशीन हालनार नाई.’’

‘‘ताई, नाला येऊन राह्यला अन् तुमी नळीले बसल्या!’’ हबीबभाई ओरडले.

‘‘विहीर वाचली अन् नळी नसली, त कपाशीले पानी काय ओंजळीनं देऊ?’’

त्यांच्या हातात खुरपं होतं. हबीबभाई दोन पावलं मागे सरले.

नळी माझ्या आतड्यांत अशी गुंडाळली होती की ती अख्खी काढायची तर आधी बाकी सगळं काढणं भाग होतं. अफरोज लोखंडी सब्बल घेऊन माझ्याखाली आडवा झाला, विमलताई खुरपं घेऊन बसल्या. गोटे निघाले. विटेसारखी घट्ट बसलेली काळी माती निघाली. कपाशीच्या पऱ्हाट्यांची खुंटं, बेशरमच्या मुळ्या, आणि एका कोपऱ्यातून तर दिग्रसची सरकी निघाली. एवढी वर्षं मी जे पोटात घेऊन फिरत होतो, त्याला लोक माझा स्वभाव समजत होते. शेवटी नळी निघाली. विमलताईंनी ती फुंकून पाहिली आणि खांद्यावर टाकली.

पट्टा चढवला. चढवण्यासाठी आधीचं ग्रीस सोडून द्यावं लागलं होतं. ‘‘मार ग्रीस! टाइट!’’ हबीबभाई म्हणाले. अफरोजनं हाणायला सुरुवात केली आणि ग्रीसगन खोकली. ग्रीस संपलं. डबा मारेगावला राहिला होता. हबीबभाईंनी कपाळावर हात मारला. पट्टा दोन बोटं लोंबत होता. मला आनंदानं रडू आलं असतं, पण माझ्यात ती सोय नाही.

‘‘आता ऐका,’’ विमलताई म्हणाल्या. ‘‘ह्या रोपायपाशी गरगर फिरायचं नाई. एका रोपावर पट्टा आला त मी मशीनसमोर आडवी होईन. सरळ खाली जायचं, सरळ वर यायचं. वळायचं त वर पडीत जागेत, अन् तेही गाडी वळवल्यावानी, मोठा फेर घेऊन.’’

‘‘ताई, असं चालवलं त टाइम लागन,’’ अफरोज कुरकुरला.

‘‘काल लवकर केलं न? किती झालं?’’

अफरोज सरळ खाली गेला, सरळ वर आला. पडीत जागेत मोठा फेर घेतला. पुन्हा खाली, पुन्हा वर. कपाशीच्या इवल्या रोपांच्या कडेला विमलताई खुरपं घेऊन पहारा देत होत्या. त्यांना माझ्या पट्ट्याची पर्वा काडीचीही नव्हती. पट्टा मात्र जागचा हलला नाही. काठाला दगड बसत गेले, दगडांवर मुरूम, मुरमावर दगड. शेवटची बकेट ओतून मी वर चढलो आणि खाली नाला आला.

लाल, गढूळ, ओंडके घेऊन आला. दगडांवर धडकला, फेसाळला, थोडा मागे सरला आणि पलीकडच्या खडकाकडे वळून निघून गेला. काल तो इथे आला असता तर विहीर घेऊनच गेला असता. विमलताई विहिरीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी आत पाहिलं, नाल्याकडे पाहिलं.

‘‘राह्यली,’’ त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

त्यानंतर माझा पट्टा का टिकला यावर चर्चा झाली. बापूजी म्हणाले, पाणी मुरायला वेळ लागतो, सकाळी घाई केली. उकंडा लिंबाकडे बोट दाखवत होता. हबीबभाई म्हणाले, ग्रीस असतं तर याहून बरा टिकला असता. आणि लगेच पुढच्या कामवाल्याला फोन लावून, आवाज खाली आणून, त्यांनी विचारलं, ‘‘भाऊ, तुमच्याकडं जवळपास नाला हाय का? कामाच्या आधी मशीन भिजवा लागते.’’

मी तसाच, अंगभर चिखल घेऊन, ट्रकवर चढायला निघालो होतो. विमलताई आडव्या आल्या.

‘‘थांबा. माह्या वावराची माती कुठं घेऊन चालले?’’

अफरोज हसला. त्या हसल्या नाहीत.

‘‘येवढी काळी माती पट्ट्यात भरून मारेगावले नेता? नाल्यानं नेली तेवढी पुरे झाली. धुवा, अन् इथंच सांडा.’’

त्यांनी मोटर सुरू केली. पाईप अफरोजच्या हातात दिला आणि कुठे कुठे माती राहिली ते खुरप्यानं दाखवत त्या माझ्याभोवती फिरल्या. विहिरीचं पाणी थंड होतं. ते रोलरांतून, दातेरी चाकातून, पट्ट्याच्या आतून वाहत माती घेऊन वावरात उतरलं. एवढ्या निगुतीनं मला जिनिंगमध्येही कोणी धुतलं नव्हतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. म्हणून पाहिलं आहे. तुम्ही तुमची नळी सांभाळा, रोपं सांभाळा, वावरातली मूठभर मातीसुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. जी वस्तू तुम्हाला खरंच हवी आहे, तिच्यासाठी तरी जरा सावकाश वळा आणि वाकून खाली पाहा. त्या वाकण्यात आमचंही भागतं.

त्या संध्याकाळी मी मारेगावला पोचलो तेव्हा माझ्या अंगावर विमलताईंच्या वावरातलं एक ढेकूळही नव्हतं. आणि दोन्ही पट्टे जागेवर होते.