पुठ्ठ्याची मेट्रो

मला कमी ऐकू येतं हे मी कुणाला सांगत नाही. सांगून करायचं काय? आंधळ्याला लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात, बहिऱ्याला नुसते हसतात. माझी सगळी नोकरी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात गेली. आमच्या यंत्राचा आवाज असा, की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी फक्त त्याच्या तोंडाची वाफ लागायची. म्हणून आम्ही सगळे एकमेकांचे ओठ वाचायचो. साहेबाची निंदा, कुणाच्या घरचं भांडण, सुट्टीचे बेत, सगळं ओठांवरून चालायचं. पुढे निवृत्त झालो, यंत्र सुटलं, कान मात्र तिथेच राहिले.

बायको होती तोवर तीच माझे कान होती. कुणी काही बोललं की ती माझ्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायची, आणि वर लोकांना सांगायची, "यांचं लक्षच नसतं मेलं." त्यामुळे बेफिकीर म्हणून माझं नाव झालं, बहिरा म्हणून झालं नाही. ती गेल्यावर मी एक युक्ती काढली. काही समजलं नाही की दोनदा "हो, हो" म्हणायचं आणि हसायचं. जगातलं निम्मं बोलणं एवढ्यावर निभतं. खुद्द माझ्या लेकीलाही आजवर पत्ता लागला नव्हता.

लेक ऑफिसजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि सुट्टीला घरी येते. तिच्या ऑफिसात एक नवीनच खूळ आहे. दर महिन्याला एकाने बाकीच्यांना घरी बोलवायचं आणि पार्टीला काहीतरी थीम ठेवायची. कपडे, खाणं, सजावट, सगळं त्याच एका रंगाढंगाचं. एकाने म्हणे घरात समुद्र केला होता. आता हिची पाळी आली. हिने ऑफिसातल्या मॅडमपुढे ऐटीत सांगून टाकलं, "मी काही विकत आणणार नाही. खाणं हातचं, सजावट घरातल्या वस्तूंची, पण तुम्ही बघत राहाल!" तोंड तिच्या आईचं घेतलंय. नोकरी अजून पक्की नाही, पक्की करायची की नाही ते याच मॅडम ठरवणार. तेव्हा नाव पार्टीचं असलं तरी ती परीक्षाच होती, आणि परीक्षा केंद्र आमचं घर.

तिने मला फोनवर थीम सांगितली. ती म्हणाली असणार रेट्रो. मी ऐकलं मेट्रो.

समोर असती तर ही चूक झालीच नसती. 'म'ला ओठ मिटतात, 'र'ला मिटत नाहीत. पण फोनला ओठ नसतात. आणि मी काही अगदीच गाढव नाही, खात्री करायला विचारलंसुद्धा, "मेट्रोच ना?" ती बसमध्ये असावी. म्हणाली, "हो बाबा, तेच! सोपं आहे, आपल्या घरात सगळं आहेच." मी कपाटामागे ठेवलेल्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, पोरगी हुशार आहे.

मग मी जो कामाला लागलो! पुढच्या खोलीतलं सामान आधी हलवलं. जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर, बायकोचा मोठ्या काचांचा गॉगल, लग्नातला माझा रुंद पायांचा सूट, सगळी अडगळ गोळा करून माळ्यावर चढवली. चारी भिंतींना पुठ्ठे लावले, खिडक्या कापल्या, खिडक्यांच्या कडा बोथट सुरीने दाबून गोल वळवल्या. बिस्किटांच्या पुड्यांचा चंदेरी कागद झाडूच्या दांड्यांना गुंडाळून उभे खांब केले. कपडे वाळवायच्या दोरीला धरायच्या कड्या लटकवल्या. दारावर स्टेशनांचा नकाशा काढला: पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी. बायकोच्या ओव्हनमध्ये तिकिटाएवढी बिस्किटं भाजली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात भोक पाडलं. केक लांबोळक्या भांड्यात केला म्हणजे मेट्रोचा डबा दिसेल, त्याला साखरेच्या खिडक्या काढल्या. हे सगळं करताना मला इतका आनंद होत होता, की बायको गेल्यापासून घरात मी पहिल्यांदा गाणं म्हटलं. कसं म्हटलं ते शेजाऱ्यांना विचारा.

शनिवारी अर्धा दिवस भरून ती सगळ्यांना घेऊनच येणार होती. बेल ऐकू येत नाही म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं. आपल्या हातची पुठ्ठ्याची टोपी डोक्यावर चढवली, छातीवर 'गार्ड' असा बिल्ला लावला आणि पुठ्ठ्याचा भोंगा घेऊन दाराशी उभा राहिलो. जिन्यावर डोकी दिसली तसा भोंगा तोंडाला लावला आणि खच्चून ओरडलो, "पुढील स्टेशन, स्वयंपाकघर! दरवाजे उजव्या बाजूला उघडतील!"

शांतता मला ऐकू येत नाही, ती दिसते. एकाचेही ओठ हलत नव्हते.

सगळ्यांत पुढे माझी लेक. ठिपक्यांचा फ्रॉक, केसांना रुंद रिबीन. तिच्या मागे एक पोरगा, पायघोळ पँट आणि कोपरापर्यंत येईल एवढी कॉलर. एकीच्या डोळ्यांवर माझ्या बायकोच्यासारखा गॉगल. त्यांच्यामध्ये केसांचा उंच बुचडा बांधलेल्या बाई, त्याच मॅडम. मी एकेकाचे कपडे बघत होतो आणि मला काही उमजत नव्हतं. मग कॉलरवाला गॉगलवालीकडे वळून म्हणाला, "रेट्रो होतं ना?" त्याचे ओठ उघडेच राहिले. 'र'.

माझ्या तरुणपणाची अख्खी दुनिया माळ्यावर कोंबून मी इथे टोपी घालून उभा होतो. भोंगा कुठे लपवू ते कळेना. धरणीमाते पोटात घे म्हणतात ना, तसं झालं. पण घर दुसऱ्या मजल्यावर, धरणी लांब.

लोक भले होते. आत आले, हसले, कड्यांना लोंबकळून फोटो काढू लागले. लेक मात्र कानापर्यंत लाल झाली होती. मॅडमनी माझ्याकडे बघून तिला काहीतरी विचारलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. लेकीचं तोंड माझ्याकडे होतं. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि हळू बोलली असणार, कारण बोलताना तिने मान जराशी खाली घातली. पण आमच्या यंत्राच्या खोलीत मी याहून लांबचं वाचलेलं आहे.

"हे शेजारचे काका," ती म्हणाली.

अख्ख्या वाक्यात तिचे ओठ एकदाही मिटले नाहीत. बाबा म्हणायला दोनदा मिटावे लागतात.

वाटलं, चुकीचं वाचलं असेल. रेट्रोचं मेट्रो करणारा माणूस काहीही करेल. पण मॅडम लगेच वळल्या, माझ्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काका, कमाल केलीत! आणि हिचे बाबा कुठे आहेत?"

लेक मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला तिचा राग आला का? आला. त्याच ओव्हनमधलं खाऊन ती मोठी झाली होती. पण रागाहून मोठी लाज होती, आणि लाज माझी मला वाटत होती. चार शिकलेली माणसं घरी येतात, आणि बाप कसा, तर छातीवर बिल्ला लावलेला. तिच्या जागी मी असतो तर मीही काकाच म्हटलं असतं.

"ते बाहेरगावी गेलेत," मी म्हणालो आणि बिस्किटांचं ताट पुढे केलं.

मग काय, मी काका झालो. आपल्याच घरात चमचे कुठे आहेत ते लेकीला विचारलं. तिने खण दाखवला. मी लिंबूपाणी दिलं, केक कापला, "काका, रेसिपी द्या" म्हणणाऱ्याला रेसिपी दिली. भिंतीवर बायकोच्या फोटोवर पुठ्ठा आला होता. बरं झालं, तिने हे पाहिलं नाही.

लोक पोटभर खाऊन बसले तेव्हा मॅडम लेकीला म्हणाल्या, "तुझी कल्पना मस्तच आहे गं. पण आम्हाला रेट्रो सांगून इथे मेट्रो? निरोप नीट देत नाहीस का? उद्या ऑफिसच्या कामात असा घोळ झाला तर?" हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. लेकीचा चेहरा उतरला. खाली मान घालून ती फ्रॉकचा एक ठिपका नखाने खरवडू लागली.

मी ताट खाली ठेवलं.

"मॅडम, तिची चूक नाही," मी म्हणालो. "तिने नीटच सांगितलं होतं. तिच्या बापाला ऐकू येत नाही. त्याने मला मेट्रो म्हणून सांगितलं."

"ऐकू येत नाही?"

"कारखान्यात कान गेले. पण कबूल करत नाही, अडेलतट्टू आहे. कुणी काही बोललं की नुसतं हो हो म्हणतो. समोरच्याचे ओठ दिसले तर मात्र सगळं कळतं त्याला. खोलीच्या या टोकाचं त्या टोकाला कळतं. पोरीलासुद्धा हे माहीत नाही."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, तेही दुसऱ्याच माणसाबद्दल. म्हणून झाल्यावर मी लेकीकडे पाहिलं. तिच्या हातातला पेला कलला होता आणि लिंबूपाणी फ्रॉकवर सांडत होतं. ती पुसत नव्हती. मघाशी आपण कुठे होतो आणि हा माणूस कुठे उभा होता, ते ती मोजत असावी. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना. मला वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. मी तिला मॅडमच्या तावडीतून सोडवली आणि माझ्या तावडीत दिली.

तिचे ओठ हलायला लागले तसा मी खाली बघितलं. वाचायचं नव्हतं मला. माफी असली तरी नको आणि दुसरं काही असलं तरी नको. जमिनीवर बिस्किटाचा चुरा पडला होता, तो पायाने गोळा करत राहिलो. डोक्यावरची टोपी अजून तशीच होती. ती काढायची हिंमतही झाली नाही.

मान खाली असली तरी पाय दिसतात ना. पायघोळ पँट थबकली, ठिपक्यांचा फ्रॉक दोन पावलं माझ्याकडे आला आणि थांबला. मग कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला, म्हणून मान वर करावी लागली.

मॅडम होत्या. त्यांच्या मागे लेक रडत होती, रिबीन सुटून गालावर आली होती, आणि सगळी मेट्रो माझ्याकडे बघत होती. मॅडमनी एक शब्द विचारला, प्रश्नासारखा. त्यांचे ओठ दोनदा मिटले.

"हो, हो," मी म्हणालो. पण या वेळी मला हसता आलं नाही.