प्रेरणा पद्धत

मार्गासनीच्या वरच्या अंगाला एका वस्तीशाळेत खुटवडबाई तिसरीला शिकवायच्या, तेव्हा त्यांना तालुक्यात कुणी ओळखत नव्हतं. ओळखणार कसं? बाई रोज शाळेतच असत.

त्यांच्या वर्गात प्रेरणा नावाची पोरगी होती. पुस्तक उघडलं की तिला पेंग यायची. बाईंनी पुस्तक मिटलं, खोक्याचे पुठ्ठे कापले, त्यांवर तिच्या घरच्या शेरडांची नावं लिहिली आणि ते शेरडांच्याच गळ्यात बांधले. हौशी, काळी आणि राजा नावाचा बोकड. शेरडांनी पुठ्ठे खाल्ले, बाईंनी नवे बांधले. पंधरवड्यात पोरगी तिन्ही नावं वाचायला लागली. बाईंना इतका आनंद झाला की पुढच्या बैठकीत त्या हे सांगून बसल्या.

विस्तार अधिकारी साहेब म्हणाले, हा तर नवोपक्रम. त्याला 'प्रेरणा पद्धत' असं नाव पडलं आणि बाई सुलभक झाल्या, म्हणजे मास्तरांना शिकवणारी मास्तरीण. आधी भोर, मग नसरापूर, मग थेट पुणे. विषय एकच : मूल मागं राहू नये म्हणून शिक्षकानं रोज त्याच्याजवळ बसावं. हे पटवून द्यायला बाई आठवड्यातले बहुतेक दिवस शाळेबाहेर राहू लागल्या.

तोवर त्यांचा वर्ग हनुमंत गुरुजींच्या वर्गात कालवला गेला. गुरुजी खिचडीचे तांदूळ काढून देत, मोबाईलवर माहिती भरत आणि उरल्या वेळात सगळ्या इयत्तांना एकदम गप्प बसवत. प्रेरणाचं वाचन तीन शेरडांवर थांबलं. आखाडात राजा कापला, तेव्हा ते दोनांवर आलं.

तिची आई मंगल एकदा एसटीच्या थांब्यावर भेटली.

"बाई, तुमी समद्या तालुक्याला शिकवता म्हणं. जाता-येता आमच्या पोरीकडं बी बगा की."

बाईंनी तिची समजूत घातली. एकदा केंद्रप्रमुख झाले की दहा-बारा शाळा माझ्या हाताखाली येतील, मग एकही पोर मागं ठेवणार नाही, असं सांगितलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. लबाडी नंतर आली, आणि तीही साहेबांच्या गाडीतून.

ही पद्धत बघायला पुण्याहून पथक येणार होतं. खुद्द प्रेरणा धडा वाचतेय अशी चित्रफीत काढायची होती. ती नीट उतरली तर प्रभारी केंद्रप्रमुखाचा कार्यभार बाईंकडं, असं साहेब बोलून गेले. बाईंनी खरं ते सांगितलं, की पोरीला अजून वाचता येत नाही. साहेबांनी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी खालच्या मोठ्या शाळेतली राजनंदिनी त्यांनी गाडीत घालून आणली. चुणचुणीत पोर, धडा घडाघडा वाचणारी. शेजारणीकडून वाटीभर साखर न्यावी तशी तपासणीला पोरं उसनी नेणं इकडं कुणाला नवं नाही. नाव उसनं देण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

हौशीला वर्गात आणून बांधलं. तिच्याजवळ राजनंदिनी बसली. खऱ्या प्रेरणाला मागच्या भिंतीशी बसवलं. ती बाईंजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मग म्या माजं नाव काय सांगू?"

साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

"राजनंदिनी सांग," बाई म्हणाल्या.

चित्रफीत झकास उतरली. पथकातल्या शेफाली मॅडम मनानं चांगल्या. त्या आपणहून मागच्या भिंतीशी गेल्या, पोरीला नाव विचारलं, पुढ्यात पुस्तक धरलं. पोरीनं नाव अचूक सांगितलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत केलं. मॅडमना वाईट वाटलं.

"खुटवड मॅडम, या राजनंदिनीसाठी प्रेरणा पद्धत वापरून बघा ना."

"हो, घेते ना तिला," बाई म्हणाल्या.

कार्यभार मिळाला. पहिली शाळाभेट बाईंनी हट्टानं त्याच शाळेला ठेवली. साहेबांनी गाडी दिली होती. पोरं उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणाली. बाई थेट मागच्या भिंतीशी गेल्या, वाकल्या आणि पोरीला बोलतं करायचं म्हणून लाडानं विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?"

पोरीनं खिडकीतून गाडीकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"राजनंदिनी," ती म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. गाडीतून येणाऱ्या माणसाला कुठलं नाव सांगायचं, ते तिला बाईंनीच शिकवलं होतं. आणि त्यानंतर तिला दुसरं काही कुणी शिकवलं नव्हतं.