प्रॉम्प्टरचे पक्के दात

माझ्या बाबांना दात नव्हते, पण त्या दातांबद्दल बोलायला तोंड मात्र भरपूर होतं. सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांचे वरचे उरलेसुरले, हलणारे सात दात काढले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. मी वडशाच्या शाळेत चौथीला शिकवते. चाळीस पोरं रोज आवरते. बाबा एकटे त्या चाळिसांना भारी पडले.

बाबा, म्हणजे खुशाल मेश्राम, नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. आमच्या पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं नाही त्याला यातली गोम कळायची नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव. नट दुपारी एसटीतून उतरतो, संध्याकाळी तोंडाला रंग लावतो. पाठांतराला वेळ कोणाला आहे? रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं नाटक दबक्या आवाजात वाचतो. खाली जे येईल ते वरचा नट गरजून म्हणतो. बाबा त्या खड्ड्यात सव्वीस वर्षं बसले होते. आता 'सासूबाई' वाचायला गेले की 'फाफूबाई' व्हायची.

कंपनीचे मालक गुलाबभाऊ घरी येऊन सांगून गेले, "खुशालभाऊ, दिवाळीले दात घालून या. नाईतं मले दुसरा माणूस पाहा लागन." बाबा हसले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. खड्डा गेला तर या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं, हे मलाही माहीत होतं आणि आईलाही.

मग सरळ कवळी करून घ्यावी की नाही? नाही. डॉक्टरांनी कवळीचं सगळं नीट सांगितलं: तीन-चार फेऱ्या, माप, मेण, मग महिनाभर सवय. आणि बोलता बोलता, ही चूक त्यांचीच, ते म्हणाले, "मुंबईत एकदोन ठिकाणी आता हाडात स्क्रू बसवून पक्के दात करतात. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं बाबांनी ऐकलंच नाही. पुढचं मी ऐकलं. हाड पुरेसं पाहिजे, तंबाखू सुटली पाहिजे, स्क्रू हाडात मुरायला सहा महिने, त्यावर दात नंतर, आणि एवढं करून टिकतील अशी हमी नाही. परतीच्या गाडीत वडसा येईपर्यंत बाबा एकच वाक्य म्हणत होते. "मले पक्केच पाह्यजे."

"बाबा, सहा महिन्यांत होळी होऊन जाईल. सीझन जाईल."

"कवळी म्हणजे काढ-घाल. ते का दात झाले? खड्ड्यात सटकली तं?"

"लोक कवळी लावून चणे खातात."

"चणे खाणारे नाटक वाचून राह्यले का?"

या माणसाशी वाद घालणं म्हणजे स्वतःचं डोकं स्वतःच्या हातानं फोडून घेणं. आईनं पहिल्याच दिवशी हात टेकले. "तुया बाप आहे, तूच पाह्य," म्हणाली आणि धान निवडायला बसली. पोळा झाला, गणपती तोंडावर आले, आणि बाबा गावभर ज्याला त्याला हाडातल्या स्क्रूबद्दल सांगत फिरत होते. सायकल दुरुस्तीवाला नानाजी म्हणे, स्क्रूच बसवायचा तर मुंबईला कशाला जाता. बाबांना तेही पटल्यासारखं दिसलं. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मी चिडले. तशी रोजच चिडत होते, पण त्या दिवशी शब्द सुटले. "बसा मग बिनदातांचे. गुलाबभाऊ दुसरा माणूस बसवतील आणि तुम्ही लोकांत बसून नाटक पाहा." दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा धुतलेला सदरा घालून दारात उभे. "चाल नागपूरले. पण सांगून ठेवतो, तुयी जबाबदारी."

कवळी आली. पांढरीशुभ्र, बाबांच्या चेहऱ्यावर उसनी वाटावी अशी. डॉक्टरांनी बजावलं, रोज तासभर मोठ्यानं वाचा, कुठे टोचलं तर इथे या, मी घासून देईन. बाबा वाचू लागले. 'स'ला शिट्टी वाजायची, ती आठ दिवसांत गेली. 'सासूबाई' परत सासूबाई झाल्या. गुलाबभाऊंनी तालीम ऐकली आणि मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

पहिला प्रयोग गोंडपिपरीजवळच्या एका गावात होता. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मीही गेले आणि खड्ड्यात बाबांच्या शेजारी बसले. जबाबदारी माझी होती ना.

दोन अंक सुरेख गेले. तिसऱ्या अंकात मरायला टेकलेली आई बाजेवर, नायक तिच्या पायाशी. आईनं मरण्याआधी मुलाला त्याचा खरा बाप कोण ते सांगायचं. त्यावर पुढचे दोन अंक उभे. नायकाचं काम करणारा नट नागपूरचा, नवा. नाटक त्यानं वाचलेलंसुद्धा नव्हतं, सगळी भिस्त बाबांवर. बाबांनी वाचलं, "आई, डोळे उघड." तो म्हणाला, "आई, डोळे उघड." आणि बाबांचा हात गालावर गेला. स्वतःशीच पुटपुटले, "थांब, थांब. सुटली वाटते."

वर नायकानं दोन्ही हात पसरले आणि हंबरडा फोडला, "थांब, थांब. सुटली वाटते!"

आईचं काम गिरजाबाई करत. त्या कंपनीतल्या जुन्या, प्रॉम्प्टरच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या. 'सुटली' ऐकल्याबरोबर त्यांनी मान टाकली. मेल्या. गुपित पोटात घेऊन, तीन पानं आधी मेल्या. समोर दोन हजार माणसं बसलेली, बायकांनी पदर डोळ्याला लावले.

"नाई, नाई, मरू नको," बाबा घाबरून म्हणाले. नायक तेही म्हणाला. बायका आणखी रडू लागल्या. मग बाबांच्या तोंडून नुसतं 'फ' आणि 'भ' येऊ लागलं, आणि कवळी त्यांच्या ओंजळीत पडली. नायक वरून डोळे फाडून खड्ड्यात पाहत होता. मी पुस्तक ओढून घेतलं. काय करतेय हे मला कळत नव्हतं. "पाणी," मी वाचल्यासारखं म्हटलं. "आई, पाणी पी." गिरजाबाईंनी एक डोळा उघडला. त्यांना पाणी पाजलं, बापाचं नाव त्यांच्या तोंडून काढलं आणि मग परत मारलं. टाळ्या पडल्या. उरलेले दोन्ही अंक मीच वाचले. बाबा शेजारी बसून होते, कवळी रुमालात.

सकाळी गोंडपिपरीच्या एसटी स्टँडवर चहा घेताना मी रुमाल उघडून पाहिला. कवळीची आतली कड खरखरीत झालेली.

"हे काय केलंत?"

"टोचून राह्यली होती. नानाजीच्या कानशीनं जराशी घासली."

जराशी. नागपूरच्या चार फेऱ्या, महिन्याभराचं वाचन, माझं रक्त आटलेलं, आणि हा माणूस सायकलवाल्याच्या कानशीनं दात घासतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुलाबभाऊ आले.

"जयभीम, खुशालभाऊ. मास्तरीणबाई, आजच्याही प्रयोगाले तुमीच बसा. हा सीझन तुमीच काढा. शाळा दिवसा, नाटक रात्री, जमते." बाबांकडे न बघता ते म्हणाले, "खुशालभाऊच्या दाताचा मले भरोसा नाई."

"नाही," मी म्हटलं. "बाबाच बसतील. कवळी दुरुस्त होते. आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत आठ प्रयोग होतात, बाई."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "बसन ते," म्हणाले. "आवाज चांगला आहे तिचा. फक्त आई मेल्यावर थांबत नाई. तिथं थांबा लागते, नट रडते." गुलाबभाऊ मान हलवून गेले. माझा राग कुठल्या कुठे गेला. सव्वीस वर्षांची जागा त्यांनी एका चहात देऊन टाकली होती, आणि घेणारी मी.

"आता घाई नाई," बाबा म्हणाले. तोंडात दात नसतानाही ते 'आता घाई नाई' तेवढं स्वच्छ आलं. "मुंबईले पत्र टाक. फक्के दात."

"पुन्हा तेच? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? सहा महिने, तंबाखू बंद, आणि टिकतील याची हमी नाही. आणि आता कोणासाठी हवेत तुम्हाला पक्के दात?"

त्यांनी कमरेची तंबाखूची डबी काढली, चहाच्या बाकावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"फुढच्या दिवाळीले," ते म्हणाले, "तुले त्या खड्ड्यातून उठवाचं आहे."