एका कपाचे नऊ हंडे

आमच्या नातीची, श्रद्धाची, हळद झाली ते साल २०२३. बारवी धरणाची उंची वाढली, आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही खरवईला राहायला आलो, त्याला तोवर काही वर्षं झाली होती.

नवरा सुजित विठ्ठलवाडीचा. त्याचे काका महिपती यांनी निरोप धाडला की उष्टी हळद घेऊन आमची माणसं येतील तेव्हा कॉफीचं मशीन पाहिजे, नाहीतर मंडपात बसणार नाहीत. निरोप हसत दिला होता, पण श्रद्धाचं तोंड उतरलं. तिला मशीन नको होतं. ती म्हणाली, झाड वाढण्यापासून धरलं तर एका कपामागे एकशे चाळीस लिटर पाणी जातं, कॉलेजात शिकवलंय.

माझी बायको राजाबाई तांदूळ निवडत होती. आपल्या हंड्याने किती, असं तिने विचारलं. श्रद्धाने हिशेब केला, नऊ तरी होतील. राजाबाईने तरुणपणी झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहिलं होतं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मशीन येऊ दे," ती म्हणाली. "पावण्याने मागितलं ते पाजू. पण कुणाच्या तरी गावचं पानी आपन पितो, ते दिसू दे. आपलं पानी शहरं पितात, त्यांना कोन दाखवतं?"

हळदीच्या सकाळी तिने शेजारणींकडून नऊ पितळी हंडे मागून आणले, चिंचेने घासले आणि भरून मशीनच्या पुढ्यात ओळीने मांडले. मला धाकधूक होती. व्याही रागावून उठले तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल, असं मी बोललो. तिने मला खुर्च्या लावायला पाठवलं.

विठ्ठलवाडीच्या बायका हळदीचं ताट घेऊन वाजतगाजत आल्या. लखलखीत हंडे बघून त्यांना वाटलं, हे नवरीच्या अंघोळीचं मानाचं पाणी. सुजितच्या आईने हंड्यांना हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. मागच्या सगळ्यांनी तेच केलं. महिपतींनीही चपला काढून हात जोडले, मग कॉफीचा कप घेतला.

"कुठल्या देवाचं पाणी हो, आजी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या हातातल्या कपाचं," राजाबाई म्हणाली. "एवढं लागतं त्याला."

महिपतींनी कपाकडे पाहिलं, मग हंड्यांकडे.

"म्हणजे आम्हाला लाजवायला मांडलंत?"

"नाय हो. तुम्ही मागितलं, आमी दिलं. गाव दिलं तेव्हा बी हात आखडला नाय. फक्त टाकू नका."

महिपती मंडपात पहिल्या खुर्चीवर बसले. कप त्यांनी सावकाश संपवला, तळाचा फेससुद्धा. दुसरा कप कुणी मागितला नाही. मशीनवाला मोबाईल बघत राहिला.

नवरीची अंघोळ त्याच पाण्याने झाली, आणि ते न्हाणीतून केळींना गेलं. श्रद्धा आजीला बिलगून हसत होती. विठ्ठलवाडीच्या घरात आजही कुणी कॉफी अर्धी टाकली की महिपती विचारतात, किती हंडे सांडलेस?

राजाबाई २०२५ साली, माघ महिन्यात, खरवईच्या घरी वारली.