हौदाच्या काठावरचं लुगडं

दिपमालाने केळीची फणी हौदातून उचलली आणि काठावरून अलगद सरकवली. काठाला तिने सकाळीच जुनं लुगडं गुंडाळलं होतं. एरवी सिमेंटला घासून फण्यांवर काळे डाग पडायचे, ते आज कुठेच नव्हते.

सुपरवायझर नूतन हरखून गेली. केळी धुऊन खोक्यांत भरणाऱ्या सावद्याच्या या पॅकहाऊसमध्ये नोकरीला लागल्यापासून ती बायकांच्या मागे लागली होती, काही नवं सुचलं तर सांगा म्हणून. बायका मात्र अशा गप्प, जणू इथे सुचायलाच बंदी होती. चहाच्या सुट्टीत तिने मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं.

"लुगड्याची युक्ती कोणाची?"

दिपमालाने पदर पुढे ओढला. शेजारी तिची सासू भिकुबाई बसली होती.

"माझी," भिकुबाई म्हणाली.

नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. लुगडं गुंडाळताना दिपमालाला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात सुनेचं काही चालू द्यायचं नाही, आणि आता इथेही? चहा संपताच तिने म्हातारीला बाजूला घेतलं.

"अक्का, सुनेची युक्ती स्वतःच्या नावावर का घेतलीत?"

भिकुबाईने ओले हात पदराला पुसले.

"मागच्या साली तुम्ही नव्हत्या ताई. ज्योत्स्नानं खोक्यात फण्या उलट्या रचायचं काढलं. आपल्या मालकानं, भाऊनं, तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मंग माल परत आला, तं तिले सर्‍यांसमोर असं बोलले का पोर पुन्हा कामावर आली नही. आता हा माल चांगला पोचू द्या, मीच सांगीन सुनेचं नाव. नही पोचला, तं बोलनं मी खाईन. मले काय, सवय हे."

नूतनला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीला ती मनातल्या मनात काय काय बोलली होती!

दुपारी मालक भूपेंद्रभाऊ आले आणि हौदाशी थबकले.

"या चिंध्या कोणाच्या डोक्यातून निघाल्या? माल खराब झाला म्हणजे?"

भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"मी लावायला सांगितल्या, भाऊ," नूतन म्हणाली. "खराब झाला तर मला बोला."

भाऊंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि गाडीकडे वळले. बायका खाली मान घालून फण्या धूत राहिल्या.

दिपमालाने सासूकडे पाहिलं. भिकुबाईने नुसती हनुवटी हलवली.

"ताई," दिपमाला म्हणाली, "मले आनखी एक सुचलं व्हतं. सांगू का?"