टेबलाखालची लाल बादली

मला ओकारी सहन होत नाही. सलूनमध्ये दिवसभर लोकांचा कोंडा, उवा, चिकट बटा हाताळते, त्याचं काही वाटत नाही. पण कुणाला नुसता उमासा आला तरी मला तिथे उभं राहवत नाही. आणि नशीब बघा, घर रंगवायला काढलं म्हणून मी ताईकडे राहायला गेले, तर तिथे रोज संध्याकाळी ओकारीचाच कार्यक्रम!

भिंगरी माझी भाची. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता चौथीत गेली आणि भिंगरी फिरायचीच थांबली. चाचणी म्हटलं की तिचे हात गार पडतात, पोटात मुरडा येतो, पाठ असलेलं सगळं विसरतं. मागच्या वेळी तर तिने उत्तरपत्रिकेवरच ओकून ठेवलं. वर्गाच्या बाईंनी ताई-भावजींना बोलावून सांगितलं, "पुढच्या चाचणीला बसली नाही तर वर्ष वाया जाईल. घरी सराव करून घ्या, हसत-खेळत."

त्यातलं 'हसत-खेळत' भावजींनी कानाआड केलं. भावजी नळांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. नळ यंत्रावर चढवायचा, पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, गळला की बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. माणूस वाईट नाही, पण कुणाकडेही गेले की चहाच्या आधी त्यांच्या बेसिनचा नळ पिळून बघणार आणि "वॉशर गेलाय तुमचा" असं तोंडावर सांगणार. दाब दिल्याशिवाय वस्तूचा भक्कमपणा कळत नाही, ही त्यांची श्रद्धा.

तर रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल भिंतीला लागायचं. भिंगरीने भिंतीकडे तोंड करून एकटीने बसायचं. भावजी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तिच्या मागे फेऱ्या मारायचे. ताई घरात टाचांचे बूट घालून खटखट करत फिरायची. "खरी परीक्षा वाटली पाहिजे ना गं," ती मला म्हणाली. घंटा म्हणून ताटावर चमचा. आणि टेबलाखाली भावजींनी कारखान्यातून आणलेली लाल बादली, कारण भिंगरी हमखास ओकायची. ओकून झालं की तोंड पुसून पुढचा प्रश्न. भीती घालवायची म्हणून भीतीचीच रोज तालीम! मला किळस आली. वासाची आली ती आलीच, पण ही त्याहून वाईट होती.

"भावजी, पोर वाळत चाललीये," मी एकदा न राहवून म्हणाले.

"सवय होईल. काल अर्ध्या पेपरापर्यंत टिकली की नाही?"

"कारखान्यात गळका नळ सापडला तर काय करता हो?"

"आधी पाणी बंद," ते पटकन म्हणाले. "चालू पाण्यात नळाला हात लावतं का कुणी?"

  आणि ते ताटावर चमचा वाजवायला निघून गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ताईला ऑफिसातून यायला उशीर झाला, म्हणून सरावाआधी बादली धुवायचं काम माझ्या गळ्यात आलं. नाकातोंडाला टॉवेल बांधला, मान दुसरीकडे वळवली आणि भावजींना मनातल्या मनात लाखोली वाहत पाणी ओतलं. बादली फिरवली तर पलीकडच्या अंगाला पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं होती : नापास.

मी भावजींना तिथेच हाक मारली. "हे काय आहे?"

"बादली."

"वाचा."

त्यांनी वाचलं. "अगं, गळके नळ टाकायची बादली आहे ती. तिथे सगळ्याच बादल्यांवर असं लिहिलेलं असतं. माझ्या लक्षातच..."

"तुमच्या लक्षात नाही आलं! वाचता येणारी पोर रोज त्यात तोंड घालते, भावजी. शी! शी!"

"मला माहितीये, मावशी." भिंगरी दारात उभी होती. रडत नव्हती. "बाबांनी मला कारखान्यात दाखवलं होतं. त्यात टाकलेले नळ परत कुणी काढत नाही."

 मला भावजींच्या गळ्यातल्या त्या स्टॉपवॉचकडे बघवेना. ते बादली घेऊन खाली गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. त्या संध्याकाळी ताट फक्त जेवायला वापरलं.

सकाळी भिंगरीला सोडायला भावजी आणि मी, दोघंही गेलो. फाटकाशी पोरं मोठमोठ्याने घोकत होती, आया शेवटचं काहीबाही विचारत होत्या. भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फाटकाची सळई धरली आणि पाय रोवले.

"बादली?" ती बारीक आवाजात म्हणाली.

"टाकली," भावजी म्हणाले.

"मग मी कुठे..." एवढंच तिला बोलता आलं. तिला उमासा आला आणि भावजींनी, कारखान्याचा इस्त्रीचा पांढरा कोट घातलेल्या त्या माणसाने, दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली.

सगळं त्यात पडलं. बोटांमधून ओघळून बाहीत गेलं. मी तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळले, खोटं कशाला बोलू? आयांनी विचारणं थांबवून नाकं मुरडली. भावजी मात्र हलले नाहीत.

"बाबा, ईऽऽ!" भिंगरी म्हणाली.

"झालं का सगळं? की आहे अजून?"

तिने त्यांच्या ओंजळीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "आत गेल्यावर परत ओकारी आली तर?"

"मी इथेच आहे. खिडकीतून हाक मार."

तिने बाहीने तोंड पुसलं, सळई सोडली आणि आत गेली. पायऱ्यांवर एकदा वळून बघितलं. भावजी ओंजळ तशीच धरून उभे होते. ती फिसकन हसली आणि वर्गात शिरली.

मी श्वास रोखून पुढे झाले आणि आवारातला नळ त्यांच्यासाठी सोडला. चांगला गळका होता, मुठीपासून पाणी फुरफुरत होतं. भावजींनी हात धुतले, बाही धुतली, नळाकडे एकदाही न बघता. सगळा वेळ ते वर्गाच्या खिडकीकडेच बघत होते.