नव्या इंजिनावर मामाचा मान

माझा धाकटा भाऊ रंगराव म्हणजे भरलेलं ताट दिसलं की हात न धुता बसणारा मानूस. माझ्या पोरानं, आदर्शनं, धरणातल्या मासेमारीसाठी डोंग्याले नवं इंजिन बसवलं, तर हा अनसिंगवरून पहिल्या एसटीनं हजर. म्हने, "नव्या वस्तूवर पहिला हात मामाचा. मान हाये आपला."

याच मानापायी आदर्शची नवी फटफटी त्यानं शेणखताच्या खड्ड्यात घातली होती.

मेकॅनिकनं बजावलं होतं, पहिले दहा तास मूठ अर्धीच पिळायची. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर डोळा ठेवायचा. धार थांबली की इंजिन तापते, अन् तापून जाम झालं की संपलं. मग पल्याडची जाळी वल्हवत काढा. तोवर मासोळी नेणारी वाशीमची गाडी निघून जाते. अन् चालवणाऱ्यानं लाल दोरी मनगटात अडकवायची; तिचं टोक इंजिनातून उपटलं की इंजिन बंद, खोचल्याबिगर चालू होत नाही. आदर्शले हे सारं पाठ. पण मामापुढं त्याची जीभ टाळूले चिकटते. बापावर गेला.

रंगरावनं इंजिनाले झेंडूचा हार घातला, नवरदेवावानी. मी अन् सून राधिका डोंग्यात बसलो.

"मामाजी, अर्ध्यावरच," राधिका म्हणाली.

"मले शिकवतं का पोरी? मशीन अन् बाई पहिल्याच दिवशी ताणून पाहा लागते."

"म्हनूनच तुही बायको माहेरी जाऊन बसली," मी म्हटलं.

त्यानं पुरी मूठ पिळली. डोंग्याचं नाक आभाळाकडं गेलं, हार घसरून पाण्यात, तिथून पंख्यात. धार बारीक झाली, मग थांबलीच. हा मात्र काठावरच्या लोकायले हात दाखवून राह्यला.

"राधे, उपट ते लाल दोरी."

तिनं दोरी उपटली. इंजिन बंद पडलं. जळक्या रबराचा वास आला.

वल्हवत काठाले आलो. आदर्शनं इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या जुन्या ब्रशनं एकेक काढल्या, थंड होऊ दिलं, मग चालू केलं. धार पडली तवा पोराच्या तोंडावर रंग आला.

"इंजिनच कच्चं हाये," रंगराव म्हणाला. "आन दोरी. आनखी एक चक्कर मारून दाखवतो."

आदर्शनं दोरी पुढं केली. मी ती मधातच धरली अन् राधिकेच्या मनगटात अडकवली.

"रंगू, मान पायजे तर घरी पाट मांडते, मटन रांधते, टोपी-दुपट्टाई देते. इंजिन राधिका चालवन. तुले डोंग्यात बसाचं असन तर मासोळीवानी बस. तिले हात नसतात."